50 किलोंची सेराप आणि 55 किलोंचं टोकियो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगी 14 वर्षांची, कराटेच्या कॅडेट या किशोर वयोगटात कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, खेळते, वजन साडेएकोणपन्नास किलो. क्लबमधून सांगणं आलंय की अडीच किलो उतरवा आणि 47 किलोंखालच्या गटात खेळवा, पदक सोपं जाईल. मुलीची आवडती खेळाडू तुर्कस्तानची सेराप ओझचेलिक. सेराप 50 किलोंखाली जगज्जेती झाली, टोकियो ऑलिम्पिकला 55 किलोंच्या गटात उतरली आणि पदकाविना परतली. यावरून तुम्ही विचारताय की वरच्या गटात जाणं म्हणजे हरणंच असेल, तर मुलीचं वजन उतरवलेलं बरं ना?

नाही. उतरवू नका. आणि सेरापच्या कारकिर्दीतून हा अर्थ निघतच नाही. मी तीस वर्षं मुलामुलींना कुमिते शिकवतोय, पंच म्हणूनही मॅटवर उभा राहिलोय, आणि सेरापच्या लढती मी मुलींना मुद्दाम दाखवतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तिची ओळख. तुर्की भाषेत सेराप म्हणजे मृगजळ आणि ओझचेलिक म्हणजे अस्सल पोलाद. लग्नानंतर तिने आरापोलू हे नाव पुढे जोडलं, त्यामुळे टोकियोच्या निकालपत्रकात सेराप ओझचेलिक आरापोलू असं लांबलचक नाव दिसतं. जन्म 1988 चा. 2014 च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या ब्रेमेनला जागतिक स्पर्धा झाली, तिथे 50 किलोंखालच्या गटात तिने सुवर्ण जिंकलं. तेव्हा ती 26 वर्षांची होती. पुढच्याच वर्षी अझरबैजानच्या बाकू शहरात पहिल्या युरोपियन गेम्स झाल्या, तिथेही सुवर्ण. 2018 ला माद्रिदच्या जागतिक स्पर्धेत ती पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि जपानच्या मिहो मियाहाराकडून हरली; रौप्य मिळालं. युरोपियन अजिंक्यपदही तिने एकापेक्षा जास्त वेळा मिळवलंय.

नुसती यादी वाचली तर ही चार पदकं वाटतात. पण 2014 आणि 2018 या दोन सालांमधलं अंतर बघा. 50 किलोंच्या गटात चार वर्षं म्हणजे एक पिढी. तळाच्या वजनात दर वर्षी 18-19 वर्षांच्या, विजेसारख्या चपळ मुली वर येतात. त्यांना हरवत तिशीतली बाई पुन्हा जागतिक अंतिम फेरीत जाते, हे मला ब्रेमेनच्या सुवर्णापेक्षाही मोठं वाटतं. त्यात मधल्या काळात खेळाचे नियमही पायाखालून सरकले. ती वर आली तेव्हा महिलांची साधी लढत दोन मिनिटांची असायची, टोकियोपर्यंत ती पुरुषांसारखी तीन मिनिटांची झाली. एक मिनिट ऐकायला काहीच नाही. पण दोन मिनिटांच्या लढतीत तुम्ही एका गुणाने पुढे असाल तर उरलेला वेळ पाय हलवत काढता येतो. तीन मिनिटांत फुप्फुसं जाब विचारतात. मग सेन्शूचा नियम आला. समोरच्याने त्याच क्षणी गुण न घेता जो आधी निर्विवाद गुण घेतो, त्याला बरोबरी झाल्यास विजय मिळतो. त्यामुळे पहिल्या गुणाची किंमत एकदम वाढली. ज्यांचा सगळा खेळ वाट पाहून उलट मारण्यावर उभा होता, त्यांना आपली घडी पुन्हा घालावी लागली. सेराप हे सगळं पार करत टिकली.

आता 50 किलोंच्या गटाबद्दल, कारण तुमच्या मुलीने नेमकं काय पाहायचं ते इथे आहे. गुणांचं गणित तिला ठाऊक असेल: हाताचा प्रहार, यूको, एक गुण. पोटावर किंवा पाठीवर लाथ, वाझा-आरी, दोन गुण. डोक्यावर लाथ, किंवा प्रतिस्पर्धी खाली पडल्यावर मारलेला नेमका प्रहार, इप्पॉन, तीन गुण. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. जड वजनात एखादी लाथ सगळं चित्र पालटते. हलक्या वजनात बऱ्याच लढती एक-शून्य, दोन-एक अशा संपतात. दोघींचा वेग सारखाच असतो, म्हणून वेगावर फारसं काही ठरत नाही. ठरतं ते अंतरावर.

अंतर म्हणजे काय ते मॅटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, तरी प्रयत्न करतो. पुढच्या हाताचा ठोसा, किझामी-झुकी, जिथून पोहोचतो ती एक अदृश्य रेघ असते. कसलेल्या दोघी त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे पायांनी बोलत असतात. एक जण अर्धी वीत आत येते, दुसरी तेवढीच मागे जाते. हे दहा वेळा होतं. अकराव्या वेळी मागे जाणारीचा पाय जरा उशिरा उचलला जातो आणि तेवढ्यात ठोसा बसलेला असतो. आपल्याला टीव्हीवर फक्त ठोसा दिसतो. म्हणून मी मुलींना सांगतो, सेरापच्या लढती पाहताना पहिल्यांदा तिचे हात हाताने झाका, फक्त पाय बघा. दुसऱ्यांदा समोरचीचे पाय बघा. तिसऱ्या वेळी पूर्ण लढत. मग मार बसल्यानंतरचा क्षण बघा. प्रहार करून ती लगेच ओळखीच्या अंतरावर परत जाते, नजर समोरचीवरच असते. यालाच झानशिन म्हणतात. हे नसेल तर कोपऱ्यातले पंच झेंडा उचलत नाहीत, आणि दोन पंचांचं एकमत झाल्याशिवाय गुण मिळत नाही. आपल्याकडे मुली ठोसा मारून पंचांकडे बघतात, हात वर करतात. तिथेच गुण जातो.

आता टोकियो.

ऑलिम्पिकमध्ये कराटे पहिल्यांदा आलं ते 2021 च्या 5 ते 7 ऑगस्टला, टोकियोतल्या निप्पॉन बुदोकान या सभागृहात. जागतिक स्पर्धेत महिलांच्या कुमितेचे पाच वजनगट असतात: 50, 55, 61 आणि 68 किलोंखालचे चार, आणि 68 च्या वरचा एक. ऑलिम्पिकने जागा मोजून दिल्या, म्हणून पाचाचे तीन केले. 50 आणि 55 एकत्र झाले, 61 स्वतंत्र राहिला, आणि वरचे दोन मिळून 61 च्या वर असा एक गट झाला. प्रत्येक गटात जेमतेम दहा खेळाडू, आणि एका देशाची एकच. मानांकनातून जागा देताना 50 मधल्या दोघी आणि 55 मधल्या दोघी असा हिशेब होता. म्हणजे सेरापला पात्र ठरायचं होतं 50 च्या मानांकनावर आणि लढायचं होतं 55 वाल्यांशी.

आपल्या वाचकांना 50 किलो म्हटलं की विनेश फोगाट आठवणार. पॅरिसला 2024 मध्ये विनेश आपल्या नेहमीच्या 53 वरून 50 वर उतरली, अंतिम फेरीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात 100 ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली. सेरापचं नेमकं उलटं. तिला वजन मारायचं नव्हतं, तिला आपल्याहून जड मुलींसमोर उभं राहायचं होतं. दोघींच्या गोष्टीत मूळ दुखणं एकच आहे: ऑलिम्पिकला आपल्या गटात जागा मिळत नाही, आणि मग तुम्ही आपलं शरीर घेऊन शेजारच्या घरात राहायला जाता.

चार-पाच किलोंनी काय फरक पडतो, असं तुम्ही म्हणाल, आणि कराटेत तर प्रहार आवरून मारायचा असतो. फरक ताकदीचा कमी आणि लांबीचा जास्त असतो. 55 ची मुलगी साधारणपणे उंच असते, तिचा हात लांब असतो. मघाशी सांगितलेली ती अदृश्य रेघ चार बोटं पुढे सरकते. वर्षानुवर्षं ज्या अंतरावर तुम्ही निर्धास्त उभ्या होता, तिथे आता ठोसा पोहोचतो. हे डोक्याला कळलं तरी पायांना कळायला महिने लागतात.

शिवाय स्पर्धेची रचना वेगळी होती. दहा जणींचे दोन गट, गटात प्रत्येकीशी लढत, वरच्या दोघी उपांत्य फेरीत. तिथे हरलेल्या दोघींना कांस्य. ब्रेमेन किंवा माद्रिदला बाद पद्धत होती. एका लढतीत हरलात तरी तुम्हाला हरवणारी अंतिम फेरीत गेली तर कांस्यासाठी पुन्हा दार उघडायचं. टोकियोत ते दार नव्हतं. सेराप गटातच थांबली. आणि गंमत म्हणा की खंत म्हणा, माद्रिदला तिला हरवणारी मियाहारा, जी आपल्या घरच्या प्रेक्षकांची आशा होती, तिलाही पदक मिळालं नाही. 50 किलोंच्या जागतिक अंतिम फेरीतल्या दोघीही रिकाम्या हाताने गेल्या. सुवर्ण बल्गेरियाच्या इवेत गोरानोवाला, रौप्य युक्रेनच्या आंझेलिका तेर्ल्युगाला.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बघा, मी म्हणत होते तेच. पण थांबा. कांस्यपदक मिळालेल्या दोघींपैकी एक होती ऑस्ट्रियाची बेटिना प्लांक. प्लांक 50 किलोंचीच खेळाडू. तोच गट, तेच अंतर, त्याच उंच मुली, आणि तिने पदक आणलं. म्हणून कमी वजनामुळे सेराप हरली, हे वाक्य मी माझ्या डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, कुणाला बोलू देत नाही. वजन हे एक कारण असेल, पण त्यापलीकडे त्या दिवसाची लय असते, कोणती लढत आधी येते ते असतं, वयाची 33 वर्षं असतात. पाच जणींच्या गटात चार लढती खेळायच्या. त्यातल्या एका लढतीतला एक यूको इकडचा तिकडे झाला तरी पदक मिळालेली आणि न मिळालेली यांची नावं बदलतात.

तुर्कस्तानकडून त्याच बुदोकानात महिलांच्या चारही प्रकारांत चार जणी उतरल्या होत्या: कातामध्ये (एकटीने ठरावीक हालचाली करून दाखवायचा प्रकार) दिलारा बोझान, 55 ला सेराप, 61 ला मेर्वे चोबान, 61 च्या वर मेल्तेम होजाओलू आक्योल. मेर्वेने कांस्य जिंकलं. तिच्या आडनावाचा अर्थ मेंढपाळ, आपल्याकडे धनगर म्हणू तसं. पुरुषांमध्ये एराय शामदानला रौप्य, अली सोफुओलू आणि उऊर आक्ताशला कांस्य. तुर्कस्तानला टोकियोत सगळी मिळून 13 पदकं मिळाली, त्यांतली चार कराटेची. एवढ्या जणी एकदम कुठून आल्या, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते कळल्याशिवाय सेराप कळत नाही.

तुर्कस्तानात कराटे 1960 च्या दशकात रुजलं. हक्की कोशर यांना तिथे त्याचे जनक मानतात. पण खेळाडू पोसण्याचं काम पुढे मोठ्या प्रमाणावर केलं ते महापालिकांच्या क्रीडा क्लबांनी. इस्तंबूल महापालिकेचा क्लब आहे, कोजाएली महापालिकेचा काउतस्पोर आहे. काउत म्हणजे कागद. कोजाएलीच्या इझ्मित शहरातल्या सरकारी कागद कारखान्याच्या कामगारांचा तो क्लब होता, पुढे महापालिकेने चालवायला घेतला, आणि आज तिथली कराटेची शाखा देशात वरच्या फळीत गणली जाते. मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या मंडळांतून कबड्डी वाढली, तसंच काहीसं. त्याच कोजाएलीत 2017 ला युरोपियन अजिंक्यपद झालं, त्याआधी 2015 ला इस्तंबूलमध्ये, पुढे 2022 ला गाझिआन्तेपमध्ये. जगातल्या सर्वोत्तम मुली बसने जाऊन पाहता येतात, हे वाढत्या वयातल्या मुलीसाठी फार मोठं आहे.

पैशाचंही सांगतो, कारण पालकांनी ते विचारलंच पाहिजे. तिथे सरकार ऑलिम्पिक पदकाचं बक्षीस जुंहुरियेत आल्तिनी नावाच्या सोन्याच्या नाण्यांत मोजतं: सुवर्णाला 1000, रौप्याला 600, कांस्याला 300 नाणी. एक नाणं सात ग्रॅमच्या थोडं वर असतं. म्हणजे मेर्वेच्या कांस्याचा हिशेब, दहा ग्रॅमचा तोळा धरला तर, 200 तोळ्यांच्या पुढे जातो. जागतिक आणि युरोपियन विजेत्यांनाही बक्षिसं असतात, आणि वयाच्या 40 नंतर मानाचं मासिक वेतन मिळण्याची कायद्यात सोय आहे. सेरापसारखी खेळाडू 33 व्या वर्षीही मॅटवर असते, त्यामागे जिद्द आहेच, पण घरभाड्याची चिंता कुणीतरी वाटून घेतलेली असते हेही आहे. आपल्याकडे याच वयाच्या किती गुणी मुली लग्न आणि नोकरीच्या वळणावर खेळ सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं.

त्यात आता ऑलिम्पिकच नाही. पॅरिसला कराटे नव्हतं. 2028 च्या लॉस एंजेलिससाठी जे खेळ विचारात होते त्यांत कराटेचं नाव होतं, पण शेवटच्या यादीत आलं नाही. ती यादी मंजूर झाली आपल्या मुंबईत, ऑक्टोबर 2023 मध्ये, ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात. क्रिकेट आत आलं म्हणून त्या दिवशी आपल्याकडे आनंदीआनंद होता. मी मात्र संध्याकाळच्या वर्गाला गेलो तेव्हा तीन मुली वॉर्म-अप न करता नुसत्या बसल्या होत्या. मी त्यांना तेव्हा सेरापचीच यादी फळ्यावर लिहून दाखवली. ब्रेमेन, बाकू, माद्रिद. यातलं काहीच ऑलिम्पिक नाही. जागतिक स्पर्धा आहे, खंडाच्या स्पर्धा आहेत, कराटेच्या प्रीमियर लीग या मालिकेचे टप्पे आहेत, आशियाई गेम्समध्ये कराटे खेळलं गेलंय. टोकियोआधीच्या सगळ्या पिढ्या याच वाटेने चालल्या आणि मोठ्या झाल्या.

आता तुमच्या मुलीकडे येतो. 14 व्या वर्षी साडेएकोणपन्नास किलो म्हणजे कॅडेटमध्ये ती 54 किलोंखालच्या गटात तळाशी बसते. 47 गाठायला अडीच किलो उतरवावे लागतील. मोठ्यांच्या स्पर्धेत हे रोज घडतं, मान्य. पण मोठ्यांची हाडं वाढायची थांबलेली असतात. तुमची मुलगी अजून उंच होणार आहे. या वयात जेवण तोडलं तर आधी पाणी जातं, मग स्नायू, आणि पाळी बिघडते. त्यात झोप उडते, आणि झोप नसलेल्या मुलीचे पाय मघाशी सांगितलेली रेघ ओळखत नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीच एका मुलीचं वजन उतरवलं होतं. वय 15. तीन दिवस काकडी आणि उकडलेली अंडी, शेवटच्या दिवशी जाड ट्रॅकसूट घालून धावणं. वजन भरलं. पहिली लढत ती जिंकली, दुसऱ्या लढतीत उभ्या उभ्या चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी तिला ग्लुकोज दिलं आणि मला बाजूला घेऊन जे सुनावलं ते मी अजून विसरलो नाही. मुलगी पुढच्या वर्षी खेळायला आली नाही. चूक माझी होती. तेव्हापासून 18 वर्षांखालच्या एकाही मुलीचं वजन मी उतरवत नाही, पदक गेलं तरी चालेल.

54 मध्ये ती सुरुवातीला हरेल. कदाचित एक अख्खं वर्ष हरेल. समोरच्या मुली उंच असतील, हात लांब असतील. म्हणजे टोकियोत सेराप आणि प्लांक ज्या अडचणीत उभ्या होत्या, नेमक्या त्याच अडचणीत तुमची मुलगी 14 व्या वर्षीच उभी राहील, आणि तिच्याकडे ती सोडवायला पुष्कळ वर्षं आहेत. सेरापला हे शिकायला तेवढा वेळ मिळाला नाही. सरावात तिला आठवड्यातून दोनदा आपल्याहून उंच मुलांशी खेळवा. ठोसा मारण्यावर भर नको. फक्त आत जायचं आणि मार न खाता बाहेर यायचं, तीन मिनिटं. कॅडेटची लढत दोन मिनिटांची असली तरी सराव तीनचा करा. आशी-बाराई, म्हणजे पाय झाडणं, आत्तापासून घोटून घ्या. उंच मुलगी पुढच्या पायावर रेलली की छोटीला तो हिशेबाचा रस्ता असतो, आणि खाली पाडून मारलेल्या ठोशाला तीन गुण आहेत.

क्लबमधल्या सरांशी भांडू नका. त्यांना सांगा, यंदा पदक नाही मिळालं तरी आमची तक्रार नाही. बहुतेक वेळा वजन उतरवण्याचा आग्रह पालक पदक मागतात म्हणूनच होत असतो.

घरात दाराच्या चौकटीला पेन्सिलने तिच्या उंचीची खूण करा, महिन्याच्या पहिल्या तारखेला, शेजारी वजन लिहा. सहा महिन्यांनी त्या खुणा मला कळवा. ती ज्युनिअरला, म्हणजे पुढच्या वयोगटात, कोणत्या वजनगटात खेळेल ते आपण त्यावरून ठरवू.